प्लासिडचं पान

बंगलोर
९ मार्च १९८७

प्रिय विनी,

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी आजारी नाही. काम आहे.

मी इथे पत्र पाठवण्याचा प्रोग्रॅम लिहितो, हे तुला ठाऊक आहेच. मजकूर टाइप करायचा, ज्याला पाठवायचं त्याचं नाव घालायचं, बटण दाबायचं, की पत्र दुसऱ्या गावच्या संगणकात जाऊन पडतं. पोस्टमन नाही, तिकीट नाही. पप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग आम्हाला महिन्यातून एक तरी पाठवत जा की!"

आज्ञेपुढे आडवी रेघ काढून एक अक्षर लिहिलं की प्रोग्रॅम वेगळा वागतो. या रेघांची माहिती मी एका पानावर दिली होती. ती अशी: "रेघ-एस: विषय. रेघ-सी: प्रत. रेघ-बी: गुप्त प्रत. रेघ-व्ही: बोलका." झालं. मला वाटलं, एवढं पुरे. पण एका प्राध्यापकांनी आपल्या मूळव्याधीची साद्यंत हकीकत डॉक्टर मेव्हण्याला पाठवायला घेतली आणि ती सगळ्या विभागाला गेली. ते म्हणतात, दोष माहितीचा. साहेब म्हणतात, दोष माझा. शिवाय वरून आदेश आहे की प्रत्येकाने माहितीपुस्तिका आपापल्या भाषेतही द्यायची. मराठी बोलणारा इथे मी एकटा.

तुझी परीक्षा झाली आहे, अक्षर चांगलं आहे, आणि चूक होईल या भीतीने तू रात्रभर जागतेस. मला अगदी असंच माणूस हवं आहे. तू संगणक पाहिलेला नाहीस याची काळजी करू नकोस. मूळव्याधवाल्यांनी रोज पाहिलेला आहे.

तुझा,
ॲन्सेल्म


पापडी, ता. वसई, जि. ठाणे
१६ मार्च १९८७

प्रिय ॲन्सेल्मदादा,

सप्रेम नमस्कार. तुझं पान मी पुष्कळदा वाचलं. ते समजलं नाही असं लिहिणं उद्धटपणाचं वाटतं, आणि समजलं असं लिहिलं तर खोटं होईल. फ्लॉसीआत्याला दाखवलं. ती बोंबील साफ करत होती. म्हणाली, "हे पान नाही गो, ही दुकानाची पाटी आहे."

तुला आठवत असेल, दम्यामुळे मी तिसरीपर्यंत शाळेत गेले नाही, आणि आत्यानेच मला ओटीवर बसवून लिहायला शिकवलं. ती सांगायची, पत्र असं लिहावं की वाचणाऱ्याला ते हातात घेऊन तुझ्याकडे विचारायला यावं लागू नये. त्या हिशेबाने मला पुढच्या शंका आहेत.

गुप्त प्रत कोणापासून गुप्त? ज्याला मिळते त्याला तरी ती गुप्त आहे हे कळतं का? तो चारचौघांत बोलून गेला तर पाप कोणाचं? रेघ-व्हीने कोण बोलका होतो, पत्र की प्रोग्रॅम? एकही रेघ दिली नाही तर काय होतं? पाठवणाऱ्याला स्वतःला प्रत मिळते का? आणि पाठवल्यानंतर माणसाला वाटलं की नको होतं पाठवायला, तर काय करायचं?

शेवटची अडचण माझी आहे. प्रत्येक रेघेला उदाहरण हवं, हे मला पटतं. पण उदाहरणातलं पत्र कोणी खरंच पाठवलेलं नसणार. म्हणजे मी खोटं पत्र लिहायचं, तेही ईस्टरआधीच्या उपासकाळात. शनिवारी पापनिवेदनाच्या वेळी मी फादरना विचारलं. त्यांनी जाळीपलीकडून वाकून रांगेकडे बघितलं. मग म्हणाले, "बाय, शुक्रवारी मटण खाल्लेले लोक तुझ्यामागे रांगेत उभे आहेत. वर 'उदाहरण' असं लिही आणि पुढे हो."

तर मी वर 'उदाहरण' असं ठळक लिहीन.

तुझी,
विनी


बंगलोर
२३ मार्च १९८७

प्रिय विनी,

तू थोर आहेस. उत्तरं घे.

गुप्त प्रत ही बाकी सगळ्यांपासून गुप्त. रेघ-व्हीने प्रोग्रॅम बोलका होतो, जाताना प्रत्येक पायरी सांगतो: आता निघालो, आता पोहोचलो, आता पलीकडच्याने नाव विचारलं, वगैरे. एकही रेघ नाही तर यादीत असतील त्या सगळ्यांना सरसकट जातं. पाठवणाऱ्याला प्रत मिळत नाही, त्याने स्वतःचं नाव यादीत घातलं तरच.

उदाहरणासाठी काहीही थाप मार ना! "फ्लॉसीआत्याचं लग्न" असं घाल. तेवढं अशक्य दुसरं सुचत नाही, म्हणजे कोणी खरं मानणार नाही. नवरा म्हणून प्लासिड घे. प्लासिड हा आमचा चाचणीचा माणूस आहे. म्हणजे माणूस नाहीच, संगणकात नुसतं नाव आणि एक पेटी. त्याला पाठवलेलं कोणी वाचत नाही.

आता महत्त्वाचं. लिहून झालं की ते अशा कोणाला तरी दे ज्याला संगणक म्हणजे काय हे मुळीच ठाऊक नाही. त्याला म्हण, "पानावर लिहिलंय तसं करून बघ, मला काही विचारू नकोस, आणि कुठे अडलास ते नंतर सांग." आणि तू तोंड बंद ठेव. परदेशात असंच करतात.

ॲन्सेल्म


पापडी
३१ मार्च १९८७

प्रिय ॲन्सेल्मदादा,

माझ्या शेवटच्या शंकेचं उत्तर तू दिलं नाहीस. पाठवून पस्तावलेल्या माणसाने काय करायचं? विसरला असशील. मी तिथे जागा मोकळी सोडली आहे.

आत्याचं नाव तिला न विचारता घालणं मला बरं वाटेना, म्हणून विचारलं. लग्नाचं उदाहरण आहे हेही सांगितलं. ती इतकी हसली की विळी बाजूला ठेवावी लागली. "घाल, घाल," म्हणाली. "सेहेचाळीस वर्षं झाली, कुठेतरी नाव लागू दे माझं." मग थोड्या वेळाने, "नवऱ्याला सिगरेटची सवय नाही ना?" मी म्हटलं, तसं काही लिहिलेलं नाही.

उदाहरणाचं पान सोबत आहे. मजकूर असा:

"उदाहरण. फ्लॉसीचे लग्न प्लासिडशी रविवार, ३ मे रोजी सकाळी दहा वाजता आपल्या चर्चमध्ये आहे. जेवण घरी. हा निरोप आळीतल्या प्रत्येक घरी द्यावा. रेघ-एस: विषय आधी सांगावा, म्हणजे ऐकणाऱ्याला मयत आहे की लग्न ते कळते. रेघ-सी: एक प्रत फादरना. रेघ-बी: एक प्रत आग्नेल यांना, बाकी कोणाला कळू न देता. रेघ-व्ही: प्रत्येक पायरी मोठ्याने सांगावी: आता निघालो, आता दार ठोठावले, आता दार उघडले, आता निरोप दिला. कमी माणसांसाठी वेगळी रेघ दिलेली नसल्यास निरोप सरसकट समजावा."

गुप्त प्रतीसाठी आग्नेलकाकांचं, तुझ्या पप्पांचं, नाव घातलं म्हणून तू रागावू नकोस. ते आणि आत्या, सख्खी भावंडं, विहिरीच्या पंपाच्या पाळीवरून भांडली, त्याला आता नऊ वर्षं होतील. आत्याच्या लग्नाला त्यांना उघड बोलावणं जाणार नाही आणि न बोलावताही राहवणार नाही, त्यामुळे हे एवढं एक उदाहरण तरी मला खरं वाटलं.

तपासायला बॅप्टिस्टमामांना देते. आळीतली सगळी बोलावणी गेली कित्येक वर्षं तेच करतात. निरोप नेणं म्हणजे काय हे त्यांना कळतं, आणि संगणक त्यांनी ऐकलेलाही नाही. तू सांगितलंस तेच शब्द मी म्हणणार आहे, एकही कमीजास्त नाही.

विनी


तार
पापडी, ६ एप्रिल १९८७

आत्याचे लग्न ठरले. थांबव. पत्र येते आहे. विनी


पापडी
६ एप्रिल १९८७

ॲन्सेल्मदादा,

घाईत लिहिते आहे, अक्षर माफ कर.

शुक्रवारी मी बॅप्टिस्टमामांच्या हातात पान दिलं आणि म्हटलं, "पानावर लिहिलंय तसं करून बघा, मला काही विचारू नका, कुठे अडलात ते नंतर सांगा." त्यांनी चष्मा लावून वाचलं. माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं आणि मिटलं, कारण विचारायचं नव्हतं. मी मान हलवली. ते आत गेले आणि बोलावण्याचा काळा कोट घालून बाहेर आले. मला वाटलं, चर्चला चालले असतील.

काल संध्याकाळी आले ते घामाने निथळत. म्हणाले, "विने, कुठ्ठंच अडलो नाही गो. काय सुरेख लिहिलंयस! इतकी वर्षं बोलावतोय, असं नीट कोणी लिहून दिलं नव्हतं."

ते प्रत्येक घरी जाऊन आले, दादा. दर घराच्या पायरीशी आधी "विषय, लग्न!" असं ओरडले. मग "आता दार ठोठावले!" मग "आता दार उघडले!" लुसीमावशी दार उघडायला उशीर करत होती, तर हे बाहेर उभं राहून "आता दार उघडलेले नाही, आता दार उघडलेले नाही," असं सांगत होते. फादरना प्रत दिली. आणि तुझ्या पप्पांच्या मागच्या दाराशी जाऊन कानात सांगितलं, "तुला बोलावलंय. पण कोणाला कळू द्यायचं नाही. जिने बोलावलं तिलासुद्धा."

मी म्हटलं, "मामा, वर 'उदाहरण' असं लिहिलं होतं ना!"

ते म्हणाले, "तेही सांगितलं. प्रत्येक घरी आधी उदाहरण म्हटलं. लोकांना वाटलं, शहरातल्या लग्नाला काही नवीन शब्द असेल."

अजून वाईट पुढेच आहे. घरटी एक की किती, असं काही पानावर नव्हतं. 'सरसकट' होतं. मामांच्या भाषेत सरसकट म्हणजे चूलबंद. त्या दिवशी आळीत एकाही घरी चूल पेटणार नाही, लेकरंबाळं, म्हातारे, पाहुणे सगळे आपल्याकडे जेवायला. एवढं मोठं बोलावणं आळीत कोणाच्या आठवणीत नाही. बायका आत्ताच म्हणू लागल्या आहेत, "नवरा आखातातला असणार."

आत्याला अजून कळलेलं नाही. आम्ही दोघी राहतो त्या घरी निरोप आला नाही, कारण पाठवणाऱ्याला प्रत जात नाही.

माझ्यामुळे आत्या तीन मेला सगळ्यांसमोर हसं होऊन उभी राहणार. पाठवलेलं परत घ्यायची रेघ कोणती? मी हेच विचारलं होतं. लगेच लिही.

विनी


बंगलोर
११ एप्रिल १९८७

प्रिय विनी,

खोटं सांगत नाही, तुझं पत्र वाचून आधी मी खुर्चीवरून पडलो. साहेबांनी विचारलं काय झालं, तर म्हटलं, चाचणी यशस्वी झाली. आणि विनी, ती झाली आहे! संगणकाशी पूर्ण अनोळखी माणूस, एक पान, एकही चूक नाही.

मग तुझ्या शेवटच्या ओळी पुन्हा वाचल्या आणि हसू गेलं.

ती रेघ नाही. तुझी शंका मी विसरलो नव्हतो, टाळली होती. कारण उत्तर लाजिरवाणं आहे. पाठवलेलं परत येत नाही. रात्रभर बसून ती रेघ लिहून बघितली. चालते, पण ती फक्त अजून न निघालेलं पत्र अडवते. मामा तर निघून, पोहोचून, चहा पिऊन परत आले आहेत.

आत्याला तू आजच सांग. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी.

ॲन्सेल्म


पापडी
१६ एप्रिल १९८७, पवित्र गुरुवार

प्रिय दादा,

सांगायची वेळच आली नाही. झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून निघताना शेजारची रोझमेरी आत्याच्या गळ्यात पडून रडली, "फ्लॉसी, आम्हाला पत्तासुद्धा लागू दिला नाहीस!" आत्याने माझ्याकडे बघितलं. मी तिथेच सगळं सांगून टाकणार होते, पण दम लागला. ती रोझमेरीला म्हणाली, "अगं, मलाही उशिराच कळलं." घरी आल्यावर मी पान तिच्या हातात दिलं. तिने ते वाचून खाली ठेवलं आणि केळीच्या वाडीत निघून गेली.

मी बॅप्टिस्टमामांकडे गेले. म्हटलं, बोलावणं फिरवा. ते म्हणाले, "बोलावणं दोनच गोष्टींनी फिरतं. मयत झाली तर. नाहीतर जिच्या नावाने गेलं तिने आपल्या तोंडाने दारोदार जाऊन सांगितलं तर." म्हणजे आत्याने प्रत्येक पायरीशी उभं राहून 'माझं लग्न नाही' म्हणायचं. आग्नेलकाकांच्याही. ते मी होऊ देणार नाही. तिच्याऐवजी मी जाते म्हटलं, तर मामा म्हणतात, "तुझं कुठे मोडलंय?"

प्लासिडच्या बाप्तिस्म्याचा दाखला फादर मागत आहेत.

तेव्हा पहिला मार्गच उरतो. प्लासिडला मयत करता येईल का? जो नाहीच त्याला मारण्यात पाप आहे का, हे मी या आठवड्यात फादरना विचारू शकत नाही, त्यांना फार काम आहे. पण मारलं तर आळी सांत्वनाला येईल, आणि आत्याला न झालेल्या नवऱ्यासाठी काळं नेसावं लागेल. ते बरं की हसं झालेलं बरं? मला ठरवता येत नाही. तुला काय वाटतं?

विनी


बंगलोर
२१ एप्रिल १९८७

विनी,

दाखल्याबद्दल: प्लासिड बारा फेब्रुवारीला झाला. नाव मी ठेवलं, पेटी मी दिली, म्हणजे धर्मपिता मीच. असं फादरना लिहून देऊ का?

मारणं सोपं आहे. एक ओळ. नाव जातं, पेटी जाते, मागे काही राहत नाही. काल मी ती ओळ टाइप केली आणि शेवटचं बटण दाबलं नाही. म्हटलं, आधी जिचा नवरा तिला विचारावं.

तिला विचार.

ॲन्सेल्म


पोस्टकार्ड
पापडी, २५ एप्रिल १९८७

चि. ॲन्सेल्म यास फ्लॉसीआत्याचा आशीर्वाद.

त्याला मारू नको. त्याने काय केलंय?

या आळीतल्या एकूण एक लग्नाला मी जेवले आहे. एकटी, कारण माझ्या दारात निरोप येतो तो घरटी एकाचाच. परतीचं बोलावणं माझ्या दारातून कधी निघालं नाही. निघणार कशासाठी? आता निघालंय, चूलबंद निघालंय, ते मी फिरवणार नाही. नवरा नसला म्हणून जेवण कमी पडत नाही. डुक्कर सांगून ठेवलंय. विनी रडते, तिला काही कामाला लाव. तुला सुट्टी मिळत नसेल तर राहू दे, पण तुझ्या बापाला मी बोलावलंय हे मला ठाऊक नाही, हे ध्यानात ठेव.

आत्या


पापडी
५ मे १९८७

प्रिय दादा,

झालं. सगळं खरं खरं लिहिते.

आत्याने मला पिठाचे फुगे तळायला बसवलं, त्यामुळे रडायला वेळ मिळाला नाही. बॅप्टिस्टमामांनी मांडव घातला. बँडवाले आपणहून आले, त्यांचं घरही यादीत होतं. दहा वाजता सगळी आळी चर्चमध्ये जाऊन बसली. आत्या नेहमीच्या निळ्या झग्यात आली, नेहमीच्या बाकावर बसली आणि प्रार्थना म्हणू लागली. फादरनी नेहमीचा मिस्सा केला आणि शेवटी दाराकडे बघत थांबले. कोणी आलं नाही.

मग सगळे मांडवात आले. लुसीमावशी सारखी फाटकाकडे बघत होती. माझ्या छातीत घरघर सुरू झाली. मी मनात ठरवलं होतं की उभं राहून चूक माझी आहे असं सांगायचं, त्यासाठी चार वाक्यं पाठ केली होती. पहिलं वाक्य सुरू केलं, तर आत्या म्हणाली, "विने, चुलीवरचं सोरपोतेल करपतंय." मी आत पळाले. काही करपत नव्हतं.

आतून ऐकलं. ती बाकावर चढून म्हणाली, "नवरा नाही. जेवण आहे. विनीने उदाहरण लिहिलं होतं, बॅप्टिस्टने ते मनापासून केलं. ज्यांना नवराच बघायचा होता त्यांनी खुशाल उठून घरी जावं."

कोणीही उठलं नाही. सगळ्यांच्या घरी चूल बंद होती.

मग रोझमेरी म्हणाली, "वाढा तर खरं, भूक मेली." आणि बँड सुरू झाला. हसले रे लोक, दादा. खूप हसले. पण आत्याला हसले की आत्याबरोबर, हे मला पंगत अर्धी होईपर्यंत समजेना. मग तीच सगळ्यांत मोठ्याने हसताना दिसली, तेव्हा मी जेवायला बसले. फादरनी दोनदा वाढून घेतलं आणि दाखल्याचा विषय काढला नाही.

तुझे पप्पा आले. मागच्या दाराने, स्वयंपाकघरात, आणि भिंतीकडे तोंड करून बसले, कारण त्यांचं बोलावणं गुप्त होतं. मी तिथेच होते. आत्या भांडं घ्यायला आली.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"मग जेव."

तिने पान वाढलं. नऊ वर्षांनी एवढंच बोलले. पण मांडवात आत्याने प्लासिडचंही एक पान वाढून ठेवलं होतं, त्याला कोणाला हात लावू दिला नव्हता. शेवटी तिने ते उचलून आत आणलं आणि काकांसमोर ठेवलं. "हे पण संपव. फुकट जाईल." त्यांनी संपवलं. आज सकाळी पंप आमच्या पाळीला सुरू होता. कोणी केला ते कोणी सांगत नाही.

पुस्तिका पुरी केली आहे, सोबत पाठवते. मोकळी सोडलेली जागा मी पहिल्या पानावर आणली आहे, सगळ्या रेघांच्या आधी:

"पाठवण्यापूर्वी वाचावे. पाठवलेले परत घेण्याची कोणतीही रेघ नाही. तशी रेघ शोधत असाल तर निरोप गेलेला आहे. आता जेवणाचे बघावे."

शेवटचं वाक्य साहेबांना नको असेल तर काढ. मला ते काढता येत नाही.

आणि एक. आत्याने प्लासिडला पत्र सांगितलं आहे, मी लिहून घेतलं. ते पाठवशील? कोणती रेघ लावायची हे मला ठरवता आलं नाही.

"श्री. प्लासिड यांस. तुम्ही आला नाहीत म्हणून राग नाही. तुमचं पान वाढलं होतं, ते भावाने खाल्लं, चालेल ना? जेवण चांगलं झालं. माझ्या दारात एवढी माणसं कधी बसली नव्हती. तुमचं नाव एका ओळीत पुसता येतं असं ॲन्सेल्म म्हणतो. त्याला मी नको म्हणून सांगितलं आहे. उत्तराची घाई नाही. फ्लॉसी."

तुझी,
विनी


बंगलोर
१२ मे १९८७

प्रिय विनी,

साहेबांनी ते वाक्य तीनदा वाचलं आणि राहू दे म्हणाले. मूळव्याधवाले प्राध्यापक त्यांचे वर्गमित्र निघाले.

आत्याचं पत्र आज पाठवलं. रेघ-व्ही लावून. दुसरी कोणतीच लावली नाही. प्रोग्रॅमने पडद्यावर सांगितलं ते तुझ्या शब्दांत देतो, कारण आता मलाही ते तसंच ऐकू येतं: आता निघालो. आता दार ठोठावले. आता दार उघडले. आता नाव विचारले. नाव सांगितले. आता पत्र ठेवून घेतले.

आत्याला सांग, दार उघडलं.

तुझा,
ॲन्सेल्म